शेपूट तुटले नाही, उसवले

अहमदनगर,
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९४६

चिरंजीव सहादेव यास थोरला बंधू गहिनीनाथ याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या गुडघ्यास उतार पडला हे वाचून समाधान वाटले. तुझ्या सौ. गोजरबाईंच्या दाढेविषयी तू काही लिहिलेले नाहीस, त्यावरून ती दुखायची थांबली असे मी समजतो; कारण ती दुखत असती, तर इतके लांब पत्र लिहिण्यापुरती शांतता तुला त्या घरात मिळाली नसती. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य ध्यानात ठेव. पुढे त्याचे काम पडणार आहे.)

गेल्या उन्हाळ्यात झालेल्या तुझ्या थोरल्या राहीच्या लग्नाची जी हकीकत तू या पत्रात लिहिली आहेस, आणि जी तू पारनेरकडच्या नातलगांनाही कळविली आहेस असे मला तिकडून समजते, ती तू माझ्या वर्गात लिहून दाखविली असतीस तर मी ती खोडून परत लिहून आणायला सांगितली असती. तू लिहितोस, नवरदेवाच्या कोटाचे शेपूट तुटले. शेपूट तुटले नाही, उसवले. तुटणे हा कापडाचा दोष, उसवणे हा दोऱ्याचा, आणि दोरा कंट्रोलचा होता. सरकारच्या दोऱ्याचा दोष तू तुझ्या भावाच्या माथी मारू नयेस. तू लिहितोस, जावईबापूंनी हातांत पांढरे मोजे घातले होते. हातांत नव्हे, हातात. मोजा एकच होता. दुसरा मिळाला नाही. तू लिहितोस, दादांनी भर मांडवात इंग्रजी कागद वाटले. कागद व्याह्यांनी वाटले. मी ते गोळा करीत होतो. वाटणारा आणि गोळा करणारा यांतला भेद ज्याला दिसत नाही, त्याने साक्षीदार म्हणून उभे राहू नये.

आणि हे सर्व लिहून झाल्यावर, पत्र संपता संपता, जणू सहज आठवले अशा रीतीने तू लिहितोस की धाकट्या चांगुणाचे लग्न वैशाखात केव्हातरी उरकण्याचे घाटते आहे, परंतु 'दादांनी या वयात, एवढ्या उन्हात, मोटारीचे धक्के खात खर्ड्यापर्यंत येण्याची तसदी घेऊ नये; प्रकृतीस बाधेल'. सहादेव, आजवर माझ्या प्रकृतीची चौकशी तू पत्राच्या पहिल्या ओळीत करीत आलास, आणि तीही रीत म्हणून. ती शेवटच्या ओळीत आलेली मी प्रथमच पाहिली. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला थोरल्या चुलत्याने येऊ नये, हे सरळ लिहिण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून तू उन्हाला आणि मोटारीला मध्ये घातलेस. दोघेही निर्दोष आहेत. तेव्हा जे घडले ते क्रमाने लिहितो. वाच, आणि मग मला येऊ द्यायचे की नाही ते ठरव.

मी येथील हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे, हे तुला ठाऊक आहे. काय शिकवीत असे ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या पाठांत उंची वस्त्रे आणि औपचारिक समारंभ यांवर एक धडा होता, आणि त्याच्या शेवटी शब्दांचा संच होता. टेलकोट, वेस्टकोट, सॅटिन, ग्लोव्ह्ज, बूके, बँक्वेट, रिसेप्शन. दरसाल मी तो धडा शिकविला. 'इमॅक्युलेट' म्हणजे काय, असे मी विचारी, आणि कोपरावर भोक पडलेला सदरा घातलेला मुलगा उठून 'अत्यंत स्वच्छ, ज्यावर एकही डाग नाही असे' हे बिनचूक सांगून सदऱ्याच्या बाहीला नाक पुशीत खाली बसे. 'रिस्प्लेंडंट', म्हणजे देदीप्यमान, या शब्दाचे स्पेलिंग चुकले म्हणून मी मुलांना बाकावर उभे केले आहे. ती मुले पुढे तलाठी झाली, कंपाउंडर झाली, कोणी फौजेत गेली. त्यांतील एकालाही त्या शब्दाची पुन्हा गरज लागली असेल असे मला वाटत नाही. मलाही लागली नाही. पाहुणे कधीच न येणाऱ्या घरात चांदीच्या वाट्या घासून ठेवाव्यात, तसे मी ते शब्द घासून ठेवीत आलो. 'फेअरवेल' हा शब्द त्या शाळेत मी रूढ केला. माझ्याआधी तेथे नुसतेच 'सेंड-ऑफ' म्हणत. मी निवृत्त झालो त्या दिवशी मला कपाटाची किल्ली परत केल्याची पावती मिळाली. पावतीत दोन चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून दिल्या आणि घरी आलो.

अशा माणसाकडे तुझे व्याही राधाकृष्णराव आले. ते छावणीला भाजीपाला आणि जळण पुरवितात, आणि युद्धाच्या दिवसांत छावणीने भाजी पुष्कळ खाल्ली, त्यामुळे राधाकृष्णरावांच्या बोलण्यात साहेब वारंवार येऊ लागला होता. त्यांच्या गोरक्षनाथाच्या लग्नाला साहेब येणार होता. साहेबाला मराठी येत नाही. मांडवात काय चालले आहे ते त्याला कळणार कसे? आपल्याकडे वधूवरांची नावे घालून मंगलाष्टके आधीच छापतात आणि लग्नात वाटतात. लग्न लागलेले नसताना त्या कागदावर ते लागलेले असते, आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही. राधाकृष्णरावांनी त्यावरून युक्ती काढली की मंगलाष्टकांऐवजी लग्नाचा इंग्रजी वृत्तांतच आधी छापून अक्षतांबरोबर वाटावा.

'मास्तर, साहेबांच्या पेपरात येतं तसं लिहा,' ते म्हणाले. 'कोण काय नेसलं, कसं शोभलं, सगळं.'

मी म्हणालो, लग्न अजून व्हायचे आहे.

'होणारच आहे की. तुम्ही लिहा, आम्ही तसं करतो.'

सहादेव, हे वाक्य तू दोनदा वाच. मी उभा जन्म लोकांना 'असे लिहा' म्हणून सांगितले. 'तुम्ही लिहा, आम्ही तसे करतो' असे मला कोणी कधी म्हटले नव्हते. हेडमास्तर म्हणाले नाहीत, विद्यार्थी म्हणाले नाहीत, घरात तर प्रश्नच नव्हता. मी लिहिले. साठवलेले सगळे शब्द बाहेर काढले आणि एकेकाला त्याच्या जागी बसविले. वर इमॅक्युलेट टेलकोटात उभा राहिला. वधू आयव्हरी सॅटिनमध्ये रिस्प्लेंडंट दिसली. सर्व भूतकाळात लिहिले, कारण वृत्तांत भूतकाळातच शोभतो. आणि एकदा भूतकाळात छापल्यावर त्यातले अक्षरही खोटे ठरता कामा नये, अशी मी व्याह्यांना अट घातली. (तू या अटीला 'दादांचा हेका' म्हटले आहेस. अट ती अट आणि हेका तो हेका.) त्यानंतर राधाकृष्णराव रोज येऊन एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेऊ लागले. मी अर्थ सांगावा आणि त्यांनी तो बाजारातून आणावा, असे चालले.

टेलकोटाला काळे कापड हवे होते, आणि कापड रेशनवर. छावणीत दिवे झाकण्यासाठी खिडक्यांना लावलेले काळे पडदे आता काढून टाकले होते, त्यांतले चार राधाकृष्णरावांनी मिळविले. ते आम्ही कापडबाजारामागे बसणाऱ्या मोहियोद्दीनकडे नेले. मोहियोद्दीन माझा जुना स्नेही; त्याने शेरवान्या पुष्कळ शिवल्या, खाकी तर विचारू नको, पण टेलकोट त्याने पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. माझ्या शब्दकोशात त्याचे चित्र आहे, अंगठ्याच्या नखाएवढे. ते मी त्याला दाखविले. त्याने ते दिव्यापाशी नेले, चष्मा वर केला, खाली केला.

'मास्तरसाहेब, ह्यो मानूस पुढून उभा हाय. मागनं कसा दिसतो ते कोन सांगनार?'

मी म्हणालो, शेपटे दोन असतात, इतके निश्चित.

'ती कोटातूनच उतरत्यात का वरनं जोडत्यात?'

चित्रात मागची बाजू नव्हती. मी जरा विचार करून सांगितले, जोडतात. मोहियोद्दीनने माझ्याकडे एकदा पाहिले आणि जोडली. (दोरा कंट्रोलचा होता, हे मी वर लिहिले आहेच.)

आता लग्नाच्या दिवसाकडे येतो. सकाळी वराकडील वस्त्रांची पाटी तुझ्या घरात उघडली गेली, आणि आतून जो आवाज आला तो मांडवाच्या पार टोकाला मला ऐकू आला. मी गेलो तो गोजरबाई ते सॅटिनचे लुगडे दोन बोटांत धरून उभ्या होत्या.

'ह्ये पांढरं फक लुगडं कुनाला आनलंय? माजी पोर लग्नाला उभी ऱ्हातीया का तेराव्याला?'

राधाकृष्णराव खाली पाहत म्हणाले, 'मास्तरांनी लिहिलंय. छापूनसुद्धा आलंय.'

मी शांतपणे समजावून सांगितले की आयव्हरी म्हणजे पांढरा नव्हे. आयव्हरी म्हणजे हस्तिदंताचा रंग. त्यात किंचित पीतछटा असते.

'भावजी,' गोजरबाई म्हणाल्या, 'तुमी हत्ती बगितलाय का कवा?'

मी पाहिला होता. नगरला एकदा सर्कस आली होती तिच्यात. त्या हत्तीचे दात मुळापासून कापलेले होते. हे मी खरे ते सांगितले, कारण मी खोटे सांगत नाही; आणि तेथे जमलेल्या बायका हसल्या. तुझ्या पत्रात तू लिहितोस की दादा निरुत्तर झाले. मी निरुत्तर झालो नव्हतो. माझे उत्तर ऐकून त्या हसल्या, याचा अर्थ मी उत्तर दिले होते.

पुढचे तू पाहिलेस. गोजरबाईंनी हळदीचे उरलेले पातेले ओढले आणि लुगडे त्यात बुडविले. सॅटिनने हळद घेतली, पण जेथे तिच्या मनाला आले तेथेच घेतली. काही जागी झेंडूसारखे पिवळे, काही जागी होते तसेच. मुहूर्त जवळ आला होता. वाळवायला वेळ नव्हता. तेवढ्यात राही ओल्या लुगड्याचा पदर हातावर घेऊन माझ्यापाशी आली. तिला अक्षरओळख मी करून दिली आहे, हे तू विसरला असशील. लहानपणी सुट्टीत नगरला येई तेव्हा दिसेल त्या वस्तूला इंग्रजीत काय म्हणतात हे विचारून ती माझा पिच्छा पुरवी. सगळे घर ओरडत असता ती तशीच हसत म्हणाली, 'आबा, आता ह्या रंगाला इंग्रजीत काय म्हणायचं?'

सकाळपासून त्या घरात मला कोणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. मी पदर हातात घेऊन पाहिला. यलो म्हणवेना, ॲम्बर म्हणवेना. शेवटी 'सॅफ्रन', म्हणजे केशरी, सुचला आणि मी तो तिला स्पेलिंगसह सांगितला. ती आत गेली, आणि माझ्या लक्षात आले की बाहेर मांडवात दोनशे कागदांवर आयव्हरी छापलेले आहे.

सहादेव, त्या क्षणी मी काय करायला हवे होते असे तुझे म्हणणे आहे? मुलगी सॅफ्रन नेसणार आणि कागद आयव्हरी म्हणणार, हे मी चालू द्यायचे? मी लेखणी आणि दौत घेतली. कागद एव्हाना वाटले गेले होते, म्हणून रांगेरांगेतून फिरून मी एकेकाचा कागद मागून घेत होतो, गुडघ्यावर ठेवून आयव्हरी खोडून वर सॅफ्रन लिहीत होतो, फुंकर घालून परत देत होतो. काहींनी त्यात अक्षता बांधल्या होत्या. त्या मी त्यांच्या हातात ओतून कागद तेवढा घेतला. साहेब आला नाही. का आला नाही ते त्याने कळविले नाही. त्या मांडवात इंग्रजी वाचू शकणारे मी आणि जामखेडचा कंपाउंडर असे दोघेच होतो. (तुझा मेहुणा कारभारी पुष्कळ वेळ कागदाकडे पाहून मान डोलावीत होता, पण त्याने तो उलटा धरला होता, म्हणून त्याला मी मोजत नाही.) 'दादा, वाचतंय कोण ते?' असे तू मला त्या गर्दीत विचारलेस. मी तुला म्हणालो, चूक ही वाचणाऱ्यावर अवलंबून नसते. ते माझे म्हणणे आजही कायम आहे.

मी मागच्या रांगांत होतो तेव्हा पुढे गाठ बांधण्याची वेळ आली. वधूच्या पदराशी वराच्या उपरण्याची गाठ बांधतात. पण जावईबापू टेलकोटात, उपरणे कुठून आणणार? भटजींनी कोटाच्या दोन शेपटांकडे पाहून त्यांतले शुभ कोणते ते विचारले. कोणाला सांगता येईना. 'उजवं घ्या,' असे कारभारी म्हणाला आणि त्यांनी उजवे घेतले. ओल्या सॅटिनची गाठ कोरड्या गाठीपेक्षा घट्ट बसते. सप्तपदीत दुसऱ्या पावलाला जावईबापू पुढे गेले आणि शेपूट राहीपाशी राहिले. हे सर्व मला मोहियोद्दीनने नंतर सांगितले. तो व्याह्यांच्या मंडळींबरोबर लग्नाला आला होता आणि शरमेने दोन दिवस दुकान उघडू शकला नाही. शेपूट मी स्वतः हातात घेऊन पाहिले आहे. शिवण सुटलेली होती, कापड शाबूत होते. म्हणून मी वर लिहिले की ते तुटले नाही.

हे लिहिताना माझ्या ध्यानात येते की मी ते उसवताना पाहिले नव्हते. अंतरपाट धरलेला मी पाहिला नाही. तो खाली गेला तेव्हा अक्षता माझ्या पाठीवर पडल्या, त्यावरून मला कळले की लग्न लागले. तेव्हा मी सुताराच्या घरच्या मंडळींच्या रांगेत होतो आणि दौतीतली शाई संपत आली होती. त्यानंतर थोड्या वेळाने माझ्यासमोर कोणीतरी वाकले. मला ओल्या कापडाचा आणि हळदीचा वास आला. मी हात पुढे केला आणि मान वर न करता म्हणालो, 'तुमचा कागद द्या.'

समोरून कागद आला नाही. जरा वेळाने मी मान वर केली तेव्हा ती पुढच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला गेलेली होती, आणि तिच्या मागून कोटाचे काळे शेपूट जमिनीवरून ओढत चालले होते. माझ्या वृत्तांतात तिचे वर्णन साडेचार ओळींत आहे. ते मी तिला न पाहता लिहिले होते, आणि ज्या दिवशी पाहायचे त्या दिवशी ते दुरुस्त करीत बसलो.

गोजरबाई त्या दिवशी पुष्कळ बोलल्या. लुगड्याविषयी, हत्तीविषयी, माझ्या इंग्रजीविषयी, आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचे खंडन माझ्यापाशी तयार आहे. परंतु मांडव उठताना त्या तुला म्हणाल्या, 'भावजींनी माज्या पोरीकडं बगितलंसुदिक न्हाई,' ते मी ऐकले. ते वाक्य मी येथे बसून पुष्कळदा तपासले. त्यात मला दुरुस्त करण्याजोगे काही सापडले नाही.

बाकी सर्व क्षेम. चांगुणास व लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

तुझा वडील बंधू,
गहिनीनाथ

ता. क. उरलेले कागद राधाकृष्णरावांनी मोहियोद्दीनला दिले. तो त्यांत गुंड्या बांधून देतो. परवा एक पुडी माझ्याकडे आली; तीवर आयव्हरी तसेच होते. मी दुरुस्त केले नाही.

ता. क. चांगुणाच्या लग्नाचा इंग्रजी वृत्तांत मी आधीच लिहून ठेवला आहे असे तुला कोणी कळविले असल्यास ते साफ खोटे आहे. फक्त पहिला परिच्छेद लिहिला होता. तो फाडला.

ता. क. तुझ्या पत्रातील तारखा खालीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

राहीचे लग्न. तू लिहितोस, 'मेच्या आरंभी'. सोमवार, ता. २१ मे १९४५.

कागद छापून आले. तू लिहितोस, 'लग्नाच्या दिवशीच घाईने'. बुधवार, ता. १६ मे. वाचून पाहण्यास तुम्हां सर्वांस पुरेसा अवधी होता.

माझी निवृत्ती. तू लिहितोस, '१९३८ साली नोकरी सुटल्यापासून दादांचे असे झाले'. ता. ३१ मार्च १९३९. नोकरी सुटली नाही, संपली. आणि माझे 'असे' त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

खर्ड्याहून माझे जाणे. तू लिहितोस, 'दादा त्याच सायंकाळी रुसून निघून गेले'. मी ता. २२ रोजी सकाळच्या मोटारीने गेलो. त्या रात्री मी तुझ्याच ओट्यावर निजलो होतो. कोणी पाहिले नाही.

चांगुणाचे लग्न. तू लिहितोस, 'वैशाखात केव्हातरी'. केव्हातरी ही तारीख नव्हे. येथे जागा सोडली आहे, ती भरून उलट टपालाने पाठव: ता. ........ मे १९४६. मला अंतरपाट दिसेल एवढी जागा पुरे. लेखणी आणणार नाही.